पाईकरावबाईंचं चालणं

जवळा बाजारच्या स्टँडजवळ सिमेंटचं एक बाकडं आहे. पाठीवर काळ्या अक्षरांत पाईकरावबाईंचं नाव, त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ' आणि त्याखाली त्यांच्या मुलाचं, मिलिंदचं नाव. बाकडं चांगलं भक्कम आहे, सावलीत आहे, दिवसभर कुणी ना कुणी तिथं टेकलेलं असतं. मी तेवढा बसत नाही. गाडीला कितीही उशीर असो, मी बाजूला पिशवी धरून उभा राहतो. ओळखीचे लोक सरकून जागा करतात, "सर, बसा की" म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. ज्या बाईला सगळ्या गावानं मिळून बसवून बसवून संपवलं, तिच्या आठवणीसाठी सुचलं काय, तर बाकडं.

पण रागावून तरी कुणावर रागावणार? बाकडं देणाऱ्याचं मन साफ होतं. बाईंच्या बाबतीत सगळ्यांचंच मन साफ होतं आणि खरी पंचाईत तीच होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीला लागलो, तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. जवळ्यापासून कापसाच्या रानांतून जाणाऱ्या गाडीरस्त्यावर एक लहानसं गाव, तिथं दोन शिक्षकांची शाळा. एक शिक्षक मी आणि दुसऱ्या पाईकरावबाई. राहायला दोघंही जवळ्यातच, एकाच गल्लीत, समोरासमोर. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे असतील. ठेंगणा बांधा, फिक्या रंगाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. नवरा लवकर गेला होता. मिलिंदला त्यांनी एकटीनं वाढवलं होतं.

त्या चालायच्या कशा, ते सांगायला हवं. पुढून कुणीतरी हाक मारतंय आणि उशीर झाला तर तो निघून जाईल, अशा चालायच्या. माझ्याकडे नवी सायकल होती. उन्हाळ्या-हिवाळ्यात मी त्यांना वाटेत गाठायचो आणि घंटी वाजवत पुढं जायचो. पावसाळ्यात मात्र आमच्याकडची काळी माती चाकांत अशी भरायची की सायकल खांद्यावर घ्यावी लागे. बाई चपला हातात घेऊन चिखल तुडवत शेजारून निघून जात आणि जाता जाता विचारत, "सर, सायकलीनं तुमाला आणलं का तुमी सायकलीला?" पुढचे तीन महिने हा प्रश्न रोज. मला त्याचा कंटाळा आला तरी त्यांना येत नसे.

शिकवायच्यासुद्धा चालत. वर्गात बसून पाढे म्हणवणं त्यांना मान्य नव्हतं. शाळेमागच्या कडुलिंबाभोवती पोरांची रांग लावायच्या, आपण सगळ्यांत पुढं, आणि पावलांच्या तालावर पाढा. एकदा साहेब तपासणीला आले तर वर्ग रिकामा. चिडून मागं गेले, तर अख्खी शाळा झाडाला फेऱ्या घालत सतराचा पाढा म्हणतेय. साहेबांनी बाईंना थांबायला सांगितलं. बाईंनी हातानंच 'येते' अशी खूण केली आणि पाढा संपवूनच थांबल्या. जाताना साहेब हसत होते, पण मला घाम फुटला होता.

आणखी एक सवय होती, ती मला फार उशिरा समजली. बाई कुणाच्या घरी किंवा दुकानात बसत नसत. काम असलं की उंबऱ्याशी उभ्यानं बोलायच्या आणि निघायच्या. रफिक नावाचा आमचा एक विद्यार्थी होता. चौथीत असताना त्याच्या मामानं त्याला शाळेतून काढून जवळ्यात आपल्या गॅरेजवर बसवलं. बाई रोज शाळा सुटल्यावर त्या गॅरेजसमोर जाऊन उभ्या राहायच्या. भांडण नाही, उपदेश नाही, नुसत्या उभ्या. मामा स्टूल पुढं करायचा, त्या बसायच्या नाहीत. शेवटी गिऱ्हाइकं विचारायला लागली तेव्हा मामा शरमला आणि रफिक शाळेत परत आला. सातवी होऊन पुढं तो मेकॅनिकच झाला म्हणा, पण बिलं स्वतः लिहितो, पेपर वाचतो. जवळ्यात स्वतःचं गॅरेज आहे त्याचं. बाईंचं नाव निघालं की आजही हातातला पाना खाली ठेवतो.

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं राहिली असतील, तेव्हापासून बाईंना प्रश्न पडायला लागले. मी सायकल सोडून त्यांच्या सोबत चालू लागलो होतो. पुलाच्या चढावर आलं की त्या थांबायच्या आणि माझ्याकडे वळून विचारायच्या, "बहिणीच्या सोयरिकीचं काय झालं?" मी सविस्तर सांगायचो. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी तोच प्रश्न. कधी पीकपाणी, कधी माझ्या आईचे गुडघे, कधी आमच्या गावच्या विहिरीला पाणी किती. वाटेत भेटेल त्याला थांबवून असंच काहीतरी लांबलचक विचारायच्या. लोक म्हणायचे, बाईंना किती माया, सगळ्यांचं विचारतात. एके दिवशी मी वैतागून म्हणालो की बाई, हे मी कालच सांगितलं, तुमचं लक्ष कुठं असतं? त्या ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होत्या. थोड्या वेळानं हसून म्हणाल्या, "तुमी बोला सर. तुमी बोलता तवर मी दम खाते."

त्या बिडी-तंबाखूला कधी शिवल्या नव्हत्या. पण आई मजुरीला जायची म्हणून लहानपणापासून घरची चूल त्यांच्याकडे. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या, ओल्या तुराट्या, कुडाच्या खोपटात खिडकी नाही, आणि फुंकणी घेऊन बसलेलं हे लेकरू. लग्नानंतर चूल बदलली, धूर तोच. नांदेडला छातीच्या डॉक्टरांनी विचारलं की घरात कुणी बिडी ओढतं का, तर बाई म्हणाल्या, "बिडी न्हाई. मी चूल ओढली."

नांदेडला मिलिंद आणि मी दोघंही सोबत गेलो होतो. मिलिंद तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होता, नुकतंच लग्न झालेलं. डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगणारे होते. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला आणि मग एक गंमतच केली. लांब व्हरांड्याच्या दोन टोकांना खुणा होत्या. नर्स घड्याळ घेऊन उभी राहिली आणि बाईंना म्हणाली, मी सांगेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, दम लागला तर थांबायचं, पुन्हा निघायचं. बाईंनी पदर खोचला. एवढ्या खूश मी त्यांना क्वचित पाहिलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा चालण्याला मार्क मिळणार होते. मधे दोनदा भिंतीला टेकल्या, पण नर्सनं 'बस' म्हटल्यावरही दोन पावलं जास्तीची टाकली.

मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. धुरानं फुफ्फुसं खराब झालीत, ती पहिल्यासारखी होणार नाहीत. तोंडात मारायच्या औषधाच्या फवाऱ्यानं आराम पडेल. पण या आजारात माणूस किती काळ काढील, याचा अंदाज नळीत फुंकलेल्या आकड्यापेक्षा तो किती चालू शकतो यावरून जास्त चांगला येतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिलं की पायांतलं बळ जातं, मग थोडं चाललं तरी जास्त दम लागतो, आणि माणूस आणखी बसतो. "तुमच्या हातात एवढी एकच गोष्ट आहे बाई," ते म्हणाले, "बसायचं नाही. हळू चाला, थांबत चाला, पण रोज चाला."

बाईंनी हे सगळं ऐकलं, मी ऐकलं. मिलिंद मात्र 'फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत' या वाक्यापाशीच थांबला होता. येताना वसमतला गाडी बदलायची होती. त्यानं आईला दंडाला धरून उतरवलं, सावलीत बसवलं, पाणी आणून दिलं, पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाईंनी उठून दोन पावलं टाकली तर म्हणाला, "माय, बस तू. आता काय बी करायचं न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई बसल्या.

बाई निवृत्त झाल्या आणि घरातलं एकेक काम त्यांच्या हातून गेलं. गॅस आला, ते बरंच झालं. पण झाडू गेला, पाणी भरणं गेलं, दळण गेलं. खाटेशेजारी तांब्या, खाटेशेजारी रेडिओ, जेवणसुद्धा खाटेवर. सून वंदना ही गुणी मुलगी. तिला दोष द्यायला जीभ उचलत नाही. एकदा बाईंनी हट्टानं अंगण झाडलं आणि धापा टाकत पायरीवर टेकल्या, तेवढ्यात गल्लीतल्या दोन बायका गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की पाईकरावांच्या सुनेनं आजारी सासूला कामाला जुंपलं. वंदना माझ्या बायकोजवळ येऊन ढसाढसा रडली. त्यानंतर तिनं झाडू लपवून ठेवायला सुरुवात केली.

मग बाईंनी रस्ता धरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, तिथून मोठ्या रस्त्यानं बाजाराच्या मैदानाजवळचा लिंब. पूर्वी भाजीला जाताना त्यांच्या ध्यानातही येत नसे एवढं ते अंतर. त्यांनी ठरवलं की रोज लिंबापर्यंत जायचं आणि परत यायचं, वाटेत कुठंही न बसता. थांबायला हरकत नाही, बसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं.

अडचण एवढीच की गावात त्यांचे विद्यार्थी होते. त्याच सुमारास गावात मोटारसायकली वाढल्या होत्या. बाई घराबाहेर पडल्या की कुणीतरी करकचून ब्रेक दाबायचा, "बाई, कुठं निघालात? बसा, सोडतो." चालायला निघालेय म्हटलं तर पोरांना खरं वाटायचं नाही. एवढा दम लागलेला माणूस हौसेनं चालतो, असं कुणी कधी ऐकलं होतं? बाईंनी नाही म्हटलं की पोरगा गाडी बंद करून शेजारी ढकलत चालायचा, आणि ते त्यांना बघवत नसे.

रफिकचं गॅरेज त्या वाटेवरच होतं. बाई तिथं थांबून दम खातात हे त्यानं पाहिलं आणि प्लॅस्टिकची नवी खुर्ची आणून खास बाईंसाठी बाहेर मांडली. ते पाहून पुढच्या कापडवाल्यानं मांडली, त्यानं मांडली म्हणून औषधवाल्यानं मांडली. महिन्याभरात घरापासून लिंबापर्यंत खुर्च्यांची रांग लागली. प्रत्येक खुर्चीवर बसायचं आणि प्रत्येक खुर्चीवर चहा. बाई चालायला निघायच्या आणि तीन कप चहा पिऊन कुणाच्या तरी गाडीवर परत यायच्या. मला हसू यायचं, आणि मग हसू आल्याची चीड यायची.

मी एकदा स्पष्टच विचारलं की बाई, तुम्ही साहेबांना पाढा संपेपर्यंत थांबवलं, मग या पोरांना नाही म्हणायला काय होतं? त्यांनी आधी दम घेतला, मग बोलल्या. "सर, मी लहान होते तवा आमाला कुणी बस म्हणत नव्हतं. माझा बाप लोकांच्या अंगणात उभाच राहायचा. म्हणून मी बी कुठं बसले न्हाई कधी. मनात होतं, मनापासून म्हणतील तवा बसू. आता सारं गाव खुर्ची घेऊन धावून राहिलं. त्यांना न्हाई कसं म्हणू?"



मिलिंदशी मी बोललो. दोनदा बोललो, दुसऱ्यांदा आवाज चढवून. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, तुमी म्हणता ते बराबर असंल. पण माय धापा टाकून राहिली अन् मी तिला रस्त्यानं चालवू? तुमी तुमच्या मायला चालवलं असतं का?" मी माझ्या आईला डोळ्यांसमोर आणलं आणि चपला घालून घरी आलो. नंतर माझी बायको बाईंना जवळ्याच्या हायस्कूलच्या मैदानावर घेऊन जाऊ लागली. तिथं मोटारसायकल येत नाही एवढाच विचार. चौथ्या-पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनीच ऑफिसातली खुर्ची बाहेर काढून दिली.

त्या वर्षीच्या चौदा एप्रिलची मिरवणूक मी विसरू शकत नाही. बाई दरवर्षी पांढरी साडी नेसून विहारापासून स्टँडपर्यंत सगळ्यांत पुढं चालत. मधली दोन वर्षं त्या ओट्यावरूनच बघत होत्या. पोरांनी ठरवलं, बाईंचा मान करायचा. ट्रॉली फुलांनी सजवली, वर लाल गादीची खुर्ची ठेवली आणि बाईंना चौघांनी अलगद उचलून वर बसवलं. बाईंनी पायात नवी चप्पल घातली होती. त्यांना वाटलं होतं, चालायचंय. ट्रॉली निघाली, खाली बायका पांढऱ्या साड्यांत चालत होत्या, बाई वरून त्यांच्या पायांकडे बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मिलिंद माझ्या शेजारी होता. म्हणाला, माय किती खूश आहे पहा सर. मी मान हलवली.

पुढच्या खेपेला नांदेडला पुन्हा तोच व्हरांडा. या वेळी बाई पलीकडच्या टोकापर्यंत जेमतेम पोचल्या आणि तिथंच भिंत धरून उभ्या राहिल्या. नर्सनं घड्याळ खाली घेतलं. डॉक्टरांनी विचारलं की रोज चालता का. बाई दम घेत होत्या, म्हणून मिलिंदनंच उत्तर दिलं, अगदी अभिमानानं, "न्हाई डॉक्टरसाहेब. आमी मायला पाऊल खाली टेकू देत न्हाई. कसलीच तकलीफ न्हाई." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. बाहेर रांग फार मोठी होती. मिलिंद प्रत्येक वाक्याला 'व्हय' म्हणत होता आणि सांगून होताच आईसाठी चाकाची खुर्ची आणायला धावला.

बाई पावसाळ्यात गेल्या. ताप आला, छातीत उतरला, दोन दिवसांत कारभार आटोपला. मी तेव्हा प्रशिक्षणाला हिंगोलीला होतो, भेट झाली नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांत राहिलेल्या बाई त्याआधीच्या वैशाखातल्या आहेत.

दुपारची वेळ, मरणाचं ऊन. दुकानं अर्धी ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मिलिंद कचेरीत, वंदनाचा डोळा लागलेला. मी दारात येऊन पाहतो तर बाई लिंबाकडून येत होत्या. हातात काठी नव्हती, एका हातानं भिंती धरत होत्या. त्यांनी गावाची झोपेची वेळ बरोबर साधली होती. लिंबापर्यंत जाऊन आल्या होत्या आणि कुठंही बसल्या नव्हत्या. बसवायला कुणी जागंच नव्हतं. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, ओठांचा चंबू करून श्वास सोडायच्या, पुन्हा निघायच्या. मला पाहून त्यांनी हात किंचित वर केला. 'येऊ नका' एवढाच त्याचा अर्थ. मी उंबऱ्यातच थांबलो. चेहरा काळानिळा पडला होता, पण डोळे व्हरांड्यातल्या त्या पहिल्या दिवसासारखे होते. त्यांचं घर चार दारांवर राहिलं होतं.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. रफिक होता, कुठली तरी गाडी दुरुस्त करून चालवून बघत होता. बाईंना पाहून त्याचा चेहराच उतरला. गाडी त्यांच्या अगदी पुढ्यात थांबवली आणि म्हणाला, "बाई, एवढ्या उन्हात काहून निघालात? बसा."

बाईंनी तोंड उघडलं. मला चालू दे, एवढे तीनच शब्द हवे होते. तेवढा दम त्यांच्यापाशी नव्हता. चालायचं किंवा बोलायचं, दोन्हीतलं एकच त्यांना परवडत होतं, आणि जे होतं ते त्यांनी चालण्यात खर्च केलं होतं. म्हणून मी बोललो. रफिक, त्यांना जाऊ दे, थोडंच राहिलंय, असं मी दारातून ओरडून सांगितलं. रफिकनं माझ्याकडे पाहिलं. शिक्षकाकडे त्या नजरेनं कुणी बघत नाही. "सर, हालत तर पाहा बाईंची," तो म्हणाला. आणि हालत खरंच तशी होती.

बाई माझ्याकडे बघून हसल्या. मग त्यांनी रफिकच्या खांद्यावर हात ठेवला, एकदा थोपटलं आणि त्याच्या मागं बसल्या. गाडी चार दारं पुढं गेली. आवाजानं वंदना जागी झाली असावी, ती खुर्ची घेऊन धावत बाहेर आली. रफिकनं एका बाजूनं धरलं, वंदनानं दुसऱ्या बाजूनं, आणि बाई खुर्चीत बसल्या.